पप्पा झोपलेत

आमच्या घरात मोठ्यानं बोलायला बंदी होती, असं सांगितलं की हॉस्टेलवरच्या मुलींना वाटायचं, हिचे पप्पा फार कडक असणार. तसं काही नव्हतं. पप्पा इतके मऊ आहेत की शेजारचं मांजर त्यांना खुर्चीतून उठवून स्वतः बसतं. बंदी होती ती त्यांच्या झोपेसाठी, आणि ती घातली होती आईनं.

पप्पा रोह्याला, धाटावच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर आहेत. माझ्या जन्माच्या आधीपासून. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. नाईट असली की सकाळी येऊन झोपणार, फर्स्ट असली की जेवून लवकर आडवे होणार, सेकंड असली की उशिरापर्यंत अंथरुणात. हे सगळं लक्षात ठेवण्यापेक्षा घर कायमचंच गप्प ठेवणं आईला सोपं वाटलं. त्यामुळे पप्पांची शिफ्ट बदलायची, आमची कधीच नाही.

आणि आई कुठलंही काम अर्धवट करत नाही. दारावरच्या बेलची वायर तिनं स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन काढून टाकली. ओट्यावर भांड्यांखाली जुन्या सतरंजीचा तुकडा अंथरला. बांगड्या कायम कोपरापर्यंत वर चढवलेल्या. कुकर तर आमच्या घरात फक्त भरला जायचा. झाकण लावून तो शेजारच्या ठमाबाईंकडे जायचा आणि शिट्ट्या झाल्या की परत यायचा. त्या उपकाराच्या बदल्यात आई ठमाबाईंच्या नातवंडांचे कपडे शिवून द्यायची, तेही हातानं, कारण मशीनचा आवाज होतो. टीव्ही आम्ही आवाज बंद करून बघायचो. मालिकेतली सासू काय बोलत असेल ते आई माझ्या कानात सांगायची, सून काय बोलत असेल ते मी तिच्या कानात सांगायचे, आणि खरं सांगू, मूळ मालिकेपेक्षा आमची बरी असायची.

मला बोलता यायच्या आधी कुजबुजता येत असणार. 'पप्पा झोपलेत' हे आमच्या घरातलं सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य. पप्पा समोर बसून चहा पीत असले, तरी आम्ही दोघी हळूच बोलायचो. तेही मग हळूच बोलायचे. कोणाला काही चमत्कारिक वाटायचं नाही.

शाळेत या सवयीचा मला तोटा झाला नाही. जी मुलगी आवाज करत नाही, तिच्यावर शाळा खूश असते. माझ्याबद्दल दरवर्षी 'शांत व गुणी' असा शेरा पडायचा. शांत होते हे खरं. गुणी अजिबात नव्हते. मनातल्या मनात मी सगळ्यांशी भांडत असे. बाईंशी, रिक्षावाल्याशी, लग्नात रांग मोडून जेवायला बसणाऱ्यांशी. मला प्रत्येक गोष्टीवर उत्तर सुचायचं आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. म्हणूनच बारावीनंतर मी वकिली शिकायची ठरवली. सीईटीला मार्क चांगले पडले आणि पुण्याला नंबर लागला. लेखी परीक्षेत कोणी आवाज तपासत नाही.

पुण्याला जाताना आई एसटी स्टँडवर रडली, तीसुद्धा बिनआवाजाची. पप्पा नाईट करून तसेच स्टँडवर आले होते, डोळे लाल, हातात डबा. गाडी कोलाडच्या बाजूला वळेपर्यंत दोघं तिथंच उभे होते. मी खिडकीतून बघत राहिले आणि आपल्याला ही दोन माणसं मिळाली याबद्दल मला पहिल्यांदाच नीट, ठरवून बरं वाटलं.

हॉस्टेलवर माझी रूममेट होती तनया, साताऱ्याची. पहिल्या आठवड्यात ती माझ्यामुळे सारखी दचकायची. मी दार उघडलेलं, आत आलेलं, कपाट लावलेलं तिला कळायचंच नाही. वळली की मी मागे उभी. शेवटी ती म्हणाली, "प्रतिक्षा, तुला घुंगरू बांधायला लागणार." मी हसले. तेही तिला ऐकू आलं नाही.

पण त्याच सवयीनं मला एक मैत्रीण दिली. एका रविवारी दुपारी सगळं हॉस्टेल गाणी लावून धुणं धूत होतं, आणि त्या गोंगाटात मला तनयाचा श्वास अडकल्यासारखा वाटला. ती उशीत तोंड घालून रडत होती. तिच्या घरी काहीतरी बिनसलं होतं. मी जवळ जाऊन बसले, काही विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तीच बोलायला लागली. नंतर म्हणाली, "बाकी कोणालाच कळलं नव्हतं." मला कळणारच होतं. पलीकडच्या खोलीत माणूस कूस बदलतोय की उठतोय, एवढं कानानं ओळखत मी वाढले होते.

वर्गात मात्र कानांचा उपयोग नव्हता. तिथे तोंड लागायचं. सर प्रश्न विचारायचे, मी उत्तर द्यायचे, सर म्हणायचे, "कोणालाच येत नाही का?" मग मागच्या बाकावरचा कोणीतरी माझंच उत्तर मोठ्यानं सांगायचा.

दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या वर्षाची अभिरूप न्यायालयाची स्पर्धा झाली. म्हणजे खोटा खटला, खोटे न्यायाधीश, वकील आम्ही. आमचा खटला असा होता: एक बाई कोंबडी घेऊन बसमध्ये चढते, कंडक्टर तिला तिकीट देतो आणि अर्ध्या वाटेत, भर उन्हात, कोंबडीसकट खाली उतरवतो. आम्ही बाईच्या बाजूनं. माझा जोडीदार होता सुश्रुत नावाचा एक मुलगा. मुद्दे सगळे मी काढले होते. त्या बाईसाठी माझा जीव तुटत होता. आमच्याकडे अशा बाया रोज बसमध्ये चढतात.

मी उभी राहिले. पाठ सगळं होतं. शेवटच्या वर्षाची एक मुलगी न्यायाधीश होती, ती म्हणाली, "कोर्टाला ऐकू येत नाहीये." मी पुन्हा सुरू केलं. "कोर्टाला अजूनही ऐकू येत नाहीये." मागे कोणीतरी हसलं. मी जोर लावला, तर आवाज मोठा व्हायच्या ऐवजी चिरकला आणि पार बसला. मग न्यायाधीशबाई माझ्यावर दया करून म्हणाल्या, "तुमच्या जोडीदाराला वाचू दे." सुश्रुतनं माझा कागद घेतला आणि खणखणीत वाचून काढला. उत्कृष्ट वक्त्याचा कप त्याला मिळाला. मुद्दे प्रतिक्षाचे आहेत, असं तो म्हणाला बिचारा, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

मला इतका राग आला की मी बाहेर त्याला गाठून भांडले. तो म्हणाला, "काय?" मी परत भांडले. तो जवळ वाकून म्हणाला, "काय म्हणतेयस?" भांडणसुद्धा मी कुजबुजत करत होते. मग मी ते सोडून खोलीवर आले आणि सामान भरायला घेतलं. सगळं भरलं, उशीसुद्धा. पुण्याला परत यायचं नाही, रोह्यातल्या कॉलेजात नाव घालायचं आणि गप्प राहून होईल असं काहीतरी शिकायचं, हे मी ठरवून टाकलं. घरी कोणाला सांगितलं नाही. उशी कशाला आणलीस, असं आईनं विचारलं तेव्हा धुवायला, म्हणाले.

दिवाळीच्या आधी चिवड्याचे पोहे आणायला आम्ही पेणला मावशीकडे जातो. मावशीचं नाव शांती, आणि तिच्याएवढी मोठ्यानं बोलणारी बाई अख्ख्या पेणमध्ये नसेल. तिचा दोष नाही. तिच्या घराची मागची भिंत पोह्यांच्या गिरणीला लागून आहे. गिरणी चालू असली की घरातली भांडी थरथरतात आणि माणसं एकमेकांना हाका मारल्यासारखी बोलतात. मावशी रोह्याला आली की आई तिला दारातच ओठांवर बोट ठेवून दाखवते.

दिवाळीच्या तोंडावर गिरणीला उसंत नसते. आई पुढच्या ओटीवर शेजारणींशी बोलत बसली होती. मी आणि मावशी मागच्या पडवीत पोहे चाळत होतो, भिंतीपलीकडे धडधड चालू होती.

"पुणं कसा हाय गो?" मावशीनं ओरडून विचारलं.

"बरं आहे," मी म्हणाले.

"काय?"

"बरं आहे."

"मला आयकाय येत नाय. तोंड उघडून बोल."

मला ते नेमकं लागलं. कोर्टाला ऐकू येत नाही, सरांना ऐकू येत नाही, सुश्रुतला ऐकू येत नाही, आणि आता मावशीलाही. मी चाळण खाली ठेवली, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले, "मला परत जायचंच नाही पुण्याला. तिथे माझा आवाज कोणालाच ऐकू येत नाही."

पहिल्या दोन शब्दांनंतर लाईट गेली. गिरणी थांबली. बाकीचं सगळं वाक्य त्या शांततेत एकट्यानं उभं राहिलं. ओटीवरच्या बायका गप्प झाल्या. समोरच्या घरातला रेडिओसुद्धा बंद होता. मग भिंतीपलीकडून, गिरणी चालवणाऱ्या रघूदादाचा आवाज आला, "आला, आला. आमाला आला ऐकू."

मावशी हसायला लागली, तिचं बघून मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. वळून बघितलं तर दारात आई उभी होती. ती हसत नव्हती.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली. पोह्यांची पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत राहिली. कासू गेलं, नागोठणं गेलं. निडी आल्यावर तिनं तोंड उघडलं.

"घरात मी तुला बोलू दिलं नाय. म्हणून झालं का गो हे?"

"नाही," मी म्हणाले. पण ते इतकं हळू म्हणाले की माझं मलाच पटलं नाही.

"बॉयलरसमोर माणूस जागा पायजे," आई म्हणाली. "तुझा जन्म झाला तेव्हा बाळंतपणात पडल्या पडल्या मला येकच भीती. पोर रात्री रडणार, हे जागणार, आणि तिकडं कामावर डुलकी लागली तर. तेव्हापासून मी हे घर गप्प केलं. तुला धरून गप्प केलं. तुझा इचारच नाय केला."

ती पदरानं डोळे पुसायला लागली. मी तिचा हात धरला. मला तिचा राग यायला हवा होता की काय, कोण जाणे, पण आला नाही. रोज पप्पा कंपनीतून धडधाकट परत यावेत म्हणून एका बाईनं इतकी वर्षं बांगड्या वाजू दिल्या नव्हत्या. त्या घरात वाढल्याचा मला अभिमानच वाटला. पण अभिमान वाटला म्हणून आवाज येत नाही.

"पप्पांना तूच सांग," रोहा आल्यावर आई म्हणाली. "मी नाय सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा नाईट करून आले. आंघोळ करून चहात टोस्ट बुडवत बसले, आणि मी त्यांना सगळं सांगितलं. वर्ग, न्यायाधीशबाई, सुश्रुत, कप, उशी. पप्पा ऐकत होते. टोस्ट चहात पडला, तो त्यांनी चमच्यानं काढून खाल्ला.

"आणि ती कोंबडीवाली बाई?" त्यांनी विचारलं. "ती जिंकली का?"

"जिंकली."

"मग झालं की."

"पप्पा, मी नाही जिंकले."

आई मोरीच्या दाराशी उभी होती. पप्पांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. कप खाली ठेवला. जरा वेळ त्यांनी बोटांनी टोस्टचा चुरा गोळा केला आणि मग म्हणाले, "आता येक सांगू का? रागवू नका. मी दिवसाचा कधी धड झोपलोच नाय."

आई पुढे आली. "म्हणजे?"

"म्हणजे पडून असतो. डोळे मिटून."

"इतकी वर्षं?"

"तिकडं कसं हाय," पप्पा म्हणाले, "पंप चालू, ब्लोअर चालू, सगळा घणघणाट. तो चालू हाय तवर माणूस निवांत. आवाज थांबला का समजायचं, काय तरी बंद पडलं. मग पळायचं. कान तसेच झालेत माझे. घरी येऊन पडलो आणि सगळं गप्प झालं का माझी छाती धडधडते. वाटतं, उठून बघू, काय बंद पडलं."

आईनं वर चढवलेल्या बांगड्यांवर हात ठेवला. "मग बोलला का नाय?"

"कसं बोलणार? तू बेल काढलीस. कुकर शेजारी पाठवलास. माझ्यासाठी कोण येवढं करतं? ते बघून मला इतकं बरं वाटायचं, का म्हटलं पडून राहू. अंगाला आराम तर मिळतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि ऐकायला तुम्ही होतातच. तुझे पाढे, तुझ्या कविता, सगळं आयकलंय मी आतून. मालिका पण. त्या सुनेच्या तोंडी तू फार लागट बोलणं घालायचीस. तेव्हाच मला वाटलं होतं, ही वकील होणार."

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. आम्ही दोघी त्यांच्यासाठी गप्प राहिलो आणि ते आमच्यासाठी डोळे मिटून पडले. एका खोलीच्या अंतरावर तिघंही एकमेकांना जपत होतो आणि झोप कोणालाच नव्हती. आईचं तोंड मात्र उतरलं होतं. पप्पांनी तिला जवळ बसवलं. म्हणाले, "तू केलंस म्हणून मी कामावर जपून राहिलो. घरी येवढी काळजी करणारं हाय, तर आपण नीट घरी जायला पायजे. झोपेपेक्षा ते मोठं." मग ते उठले आणि मला म्हणाले, "ती केस म्हण बघू. तिकडं म्हणायची होतीस तशी."

"आत्ता?"

"मी आत पडतो. तू इथं उभी राहा. दार उघडं ठेव. मला अंथरुणात ऐकू आलं पायजे."

ते आत जाऊन आडवे झाले. मी बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर उभी राहिले. "माननीय न्यायालय," मी म्हणाले.

"नाय आलं," आतून आवाज आला.

"माननीय न्यायालय."

"भिंतीला सांगतेस का? मला सांग."

मी डोळे मिटले आणि त्या बाईला रस्त्यावर उभी असलेली बघितली. वडखळच्या पुढे कुठेतरी, उन्हात, काखेत कोंबडी. मग माझा आवाज पोटातून निघाला. "माननीय न्यायालय, तिकीट देताना कोंबडी कंडक्टरच्या डोळ्यांसमोर होती. तिनं ती पदराखाली लपवली नव्हती. तेव्हा चालली, तर मग अर्ध्या वाटेत का चालली नाही?"

आईचा हात आपोआप वर आला, मला गप्प करायला. अर्ध्यातच तिनं तो खाली घेतला. पलीकडे ठमाबाईंची खिडकी उघडली. त्यांना वाटलं असणार, आमच्याकडे कोणीतरी गेलं. मी थांबले नाही. बाईनं पूर्ण तिकीट काढलं होतं, हे सांगितलं. कोंबडीनं कोणाला इजा केली नव्हती, हे सांगितलं. ज्या गाडीत कांद्याची पोती चालतात, तिथे पोट भरायला बाजारात निघालेली बाई का चालत नाही, हे विचारलं. हा मुद्दा कागदावर नव्हता, तो तिथल्या तिथे सुचला. माझा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता आणि मला तो ओळखीचा वाटत नव्हता, पण आवडत होता. पुण्याला जायचं, हे त्या कांद्याच्या पोत्यांपाशी कुठेतरी माझं नक्की झालं. सुश्रुतशी राहिलेलं भांडणही करायचं होतं.

आतून पप्पांचं 'नाय आलं' आता येत नव्हतं. ऐकू जात असेल म्हणून मी आणखी जोर लावला. तरी काहीच नाही. काही हूं नाही, चूं नाही. बोलता बोलता मी आईकडे बघितलं. ती आतल्या दारात जाऊन उभी राहिली होती, चौकटीला धरून, आणि तिचे खांदे हलत होते. मी बोलणं चालू ठेवत तिच्या मागे गेले आणि खांद्यावरून आत बघितलं.

पप्पा उताणे पडले होते. तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबकळत होता आणि ते घोरत होते. दिवसाढवळ्या, चांगले खर्जात घोरत होते. हा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

माझे शब्द अडखळले. आवाज आपोआप खाली आला. तशी आईनं मागे वळून माझं मनगट घट्ट धरलं. तिचे गाल ओले होते.

"थांबू नको गो," ती म्हणाली. "थांबलीस तर उठतील."